‘नकली मूलनिवासी’ या लेखाला उत्तर : गारिफुनांचा रंग तपासणारे आपण कोण?

ओवी (धागाकर्ती)

‘कृष्णाकाठ’ यांनी परवा मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या किनाऱ्यावरील जमिनीच्या वादावर लिहिताना असे म्हटले की, गारिफुना हे तिथले किनारी लोक मुळात आफ्रिकी असून त्यांनी कॅरिबांचे, म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचे, नाव आणि भाषा उचलली, आणि आता तेच आदिवासीपण पांघरून ते किनाऱ्यावर हक्क सांगत आहेत. त्यांनी त्यांना ‘नकली मूलनिवासी’ ठरवले. ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते, कारण हा युक्तिवाद नवा नाही, आणि ज्यांनी तो आधी वापरला त्यांना सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन बेटावर ऊस लावण्यासाठी जमीन हवी होती.

१७६३च्या पॅरिस तहाने ते बेट ब्रिटिशांकडे गेले तेव्हा त्याचा सुपीक पूर्व किनारा या लोकांच्या ताब्यात होता. विल्यम यंग या मळेवाल्याने १७९५मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचा सूर असाच आहे की, ‘काळे कॅरिब’, म्हणजे हेच गारिफुना, उपरे असून त्यांनी खऱ्या मालकांना, म्हणजे ‘पिवळ्या कॅरिबां’ना, हुसकावले. त्याच वर्षी १४ मार्चला काळ्या कॅरिबांचा सरदार चॅटोयर ऊर्फ सातुये लढाईत मारला गेला. पुढच्या वर्षी शरण आलेली चार हजारांहून अधिक माणसे बॅलिसो नावाच्या बेटावर डांबण्यात आली आणि काही महिन्यांत त्यांतील निम्मी रोगराईने व उपासमारीने मेली. उरलेल्यांची निवड ब्रिटिशांनी कातडीचा रंग पाहून केली : उजळ वर्णाचे ते सेंट व्हिन्सेंटला परत आणि काळे ते जहाजात. एप्रिल १७९७मध्ये सुमारे दोन हजार माणसे होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर उतरवली गेली. एकाच घरातले, एकच भाषा बोलणारे लोक ज्या कसोटीवर वेगळे काढले गेले, तीच कसोटी आज आपण मराठीत पुन्हा लावायची का?

कृष्णाकाठ

माझ्या तोंडी रंगाची भाषा घालू नये. माझा प्रश्न कालक्रमाचा आहे. आपणच १७९७ हे वर्ष देता. त्या किनाऱ्यावर आणि त्यामागच्या डोंगरांत पेच, तोलुपान, मिस्किटो हे लोक त्याआधीपासून होते. मग बाहेरून आणून सोडलेल्यांना तिथले ‘मूळ’ कसे म्हणायचे? अन्याय झाला हे मान्य, परंतु तो सेंट व्हिन्सेंटवर झाला. शिवाय, ‘गुलामांचे जहाज फुटले, आमचे पूर्वज पोहून किनाऱ्याला लागले, आम्ही कधीच गुलाम नव्हतो’ ही कथा ते स्वतःच अभिमानाने सांगतात. म्हणजे आफ्रिकेतून आल्याचे त्यांनाही नाकारता येत नाही.

दर्यावर्दी

जहाज फुटल्याच्या कथेबद्दल बोलणे मला भाग आहे, कारण माझी बावीस वर्षे समुद्रावर गेली आहेत. एखादे जहाज फुटलेही असेल. पण एका जहाजातून वाचलेल्या माणसांतून ब्रिटिशांशी दोन युद्धे लढणारा समाज उभा राहिला, हे मला पटत नाही. नकाशा पाहावा. बार्बाडोस हे सेंट व्हिन्सेंटच्या पूर्वेला सुमारे १६० किलोमीटरवर आहे, आणि तिथे व्यापारी वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. आमच्या जहाजाचे इंजिन एकदा बार्बाडोसच्या पश्चिमेला बंद पडले होते. दीड दिवस आम्ही काहीही न करता पश्चिमेकडे वाहत होतो. उसाच्या मळ्यातून पळालेल्या माणसाला होडगे मिळाले, तर वारा त्याला आपोआप सेंट व्हिन्सेंटकडे नेतो आणि त्याच्या मालकाला त्याच होडग्याने परत येता येत नाही. म्हणून मी म्हणतो की यांच्यातले अनेक जण गुलाम होते आणि त्यांनी स्वतःची सुटका स्वतः केली. ‘कधीच गुलाम नव्हतो’ हे वाक्य खरे नाही.

ओवी

हे वाक्य तुम्ही त्या लोकांना तोंडावर म्हणून दाखवा. मी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये परिचारिका आहे आणि माझ्या मजल्यावर होंडुरासमधल्या तेला शहराजवळच्या गावातून आलेली एक गारिफुना आजी राहते. कसावा या कंदाची भाकरी, जिला ते एरेबा म्हणतात, ती इथल्या स्वयंपाकघरात नीट जमत नाही म्हणून ती गावाकडून आलेली जपून ठेवते, आणि पहिल्याच भेटीत तिने मला मोडून दिली. कंद किसायचा, वेताच्या लांब पिळणीत, रुगुमात, भरून त्याचे विषारी पाणी काढायचे, हे सगळे तिने हातवारे करून समजावले आणि शेवटी म्हणाली, “आम्ही कोणाचे गुलाम नव्हतो.” तिच्यापुढे वाऱ्याची दिशा काढायची माझी छाती नाही.

दर्यावर्दी

आजींचा मला आदर आहे. पण त्या वाक्याने मळ्यांत मेलेल्या लाखो लोकांना आपण नकळत कमी लेखतो. पळून आलेल्याला कमीपणा कसला? होडग्यातून रात्री समुद्र ओलांडणारा माणूस मला जहाज फुटून वाचलेल्यापेक्षा मोठा वाटतो.

कृष्णाकाठ

म्हणजे कथा सोयीची असेल तेव्हा परंपरा आणि गैरसोयीची असेल तेव्हा दंतकथा. आधी तुम्ही दोघांनी आपसांत ठरवावे.

भाषावेडा

आपण सर्व जण वाऱ्यावरच भांडत बसला आहात आणि ‘भाषा उचलली’ या शब्दाला कोणी हात लावलेला नाही, याचा मला राग येतो. गारिफुना ही अरावाक या तिथल्या मूलनिवासी कुळातली भाषा आहे. तिच्यात पुरुषांच्या बोलण्यातले काही शब्द कॅरिब भाषेतून आलेले आहेत. पुरुष ‘मी’ला ‘आऊ’ म्हणतो आणि स्त्री ‘नुगुया’. आकडे पाहा : आबान, बियामा, उरुवा हे पहिले तीन घरचे, आणि चारपासून पुढचे बहुतेक फ्रेंचांकडून आलेले. अशी भाषा बाजारातून उचलता येत नाही, ती आईच्या आणि आजीच्या मांडीवरच मिळते. आफ्रिकी बापाच्या मुलांना ती मिळाली याचा अर्थ एवढाच की त्यांच्या आया तिथल्या होत्या. माझी पुण्यातली भाची एकोणचाळीस आणि एकोणपन्नास यांत गोंधळते, पण तिला ‘नकली मराठी’ म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मध्य अमेरिकेतल्याच बेलीझ देशात दांग्रिगा गावातल्या एका शाळेत ही भाषा शिकवली जाते, कारण तरुण पिढी तिथेही ती सोडू लागली आहे. खरी चिंता तिथे आहे.

ओवी

‘कृष्णाकाठ’ यांच्या कालक्रमाला उत्तर देते. मध्य अमेरिका स्पेनपासून स्वतंत्र झाली १८२१मध्ये. ज्या होंडुरास राष्ट्राच्या नावाने आज जमिनी विकल्या जातात, त्याच्या जन्माआधी चोवीस वर्षे हे लोक त्या किनाऱ्यावर होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९वा करार मूलनिवासी आणि जमातीय अशा दोन्ही लोकांसाठी आहे, आणि होंडुरासने तो १९९५मध्ये स्वीकारला. ऑक्टोबर २०१५मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने त्रियुन्फो दे ला क्रूस आणि पुंता पिएद्रा या दोन गारिफुना गावांच्या सामूहिक मालकीचा भंग झाल्याचे मान्य करून राज्याला दोषी धरले. त्रियुन्फोचा झगडा पेच लोकांशी नव्हता. तो किनाऱ्यावर पर्यटन प्रकल्प उभारणाऱ्यांशी आणि त्यांना जमीन देणाऱ्यांशी होता. त्याच गावाचे तरुण प्रमुख स्नायदर सेंतेनो आणि त्यांचे सहकारी यांना जुलै २०२०मध्ये पोलिसी पोशाखातल्या सशस्त्र माणसांनी घरांतून उचलून नेले. शेजारच्या आजी ते नाव घेतात तेव्हा बोलणे थांबवतात.

कृष्णाकाठ

त्या अपहरणाची मला माहिती नव्हती, आणि ती नसताना मी ज्या सुरात लिहिले तो चुकीचा होता. ‘नकली’ हा शब्द मी लेखातून आज सकाळी काढला आहे. ‘उचलली’ हेही ‘भाषावेडा’ यांच्यासाठी बदलून ‘आत्मसात केली’ असे केले आहे, जरी त्यांना तेही पुरेसे वाटणार नाही. हा करार दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी आहे, हे मान्य. परंतु ‘जमातीय’ म्हणजे ‘मूळ’ नव्हे, आणि पेच व तोलुपान यांच्या जमिनींविषयीचे माझे दोन परिच्छेद मी तसेच ठेवले आहेत. त्यांच्यावर अजून कोणीही एक ओळ लिहिलेली नाही.

भाषावेडा

‘आत्मसात’ नव्हे. ‘वारशाने मिळाली.’