बाळंतं आणि गव्हाणी

ताई, सासूबाई अंथरुणाला खिळल्यामुळे यंदा चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे नाताळच्या उपासनेला, जाता येणार नाही, मग कसला नाताळ, असं तुम्ही लिहिलंय. वाचून गलबलून आलं. आम्ही वसईचे. आईला अर्धांगवायू झाला त्या वर्षी माझंही हेच झालं होतं. ना करंज्या, ना येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. चर्चची घंटा ऐकू आली तेव्हा मी आईचं ओलं कापड बदलत होते. रडूच फुटलं.

आणि तेव्हाच बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवलं, मरियेनं बाळ येशूला बाळंत्यानं गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. इतकी वर्षं ऐकत आले होते, पण बाळंतं म्हणजे धुवावं लागणारं फडकं, हे त्या रात्री हातात कळलं. पहिल्या नाताळातही कुणीतरी जागत होतं, कुणाला तरी कोरडं करत होतं. आईच्या पाठीला पावडर लावून तिला कुशीवर वळवलं आणि तोच अध्याय मोठ्यानं वाचला. तिला बोलता येत नव्हतं, पण डाव्या हातानं तिनं माझं मनगट धरून ठेवलं.

एक करा, फादरना आत्ताच सांगून ठेवा. आजाऱ्यांसाठी घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सात देतात ती पवित्र भाकर, आणतात, फक्त कळवावं लागतं. शेजारणीला तासभर बसायला सांगायलाही लाजू नका. नाताळच्या दिवशी सकाळचा मिस्साही तितकाच खरा असतो. आणि गोठा मांडायचाच असेल तर दिवाणखान्यात नको, सासूबाईंच्या उशाशी मांडा. पडल्यापडल्या दिसेल असा.