गुटगुटीत बाळाचंही रक्त कमी असू शकतं

‘बाळ गुटगुटीत आहे, मग रक्त कसं कमी असेल?’ असं एकीने विचारलंय. असू शकतं. दुधावरच पोट भरणारी बाळं वजनाने छान भरतात, पण दुधात लोह फारच थोडं. जन्मतः मिळालेला साठा साधारण सहा महिने पुरतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा त्याआधीच संपतो.

गालांवरून काही कळत नाही, सावळ्या बाळात तर नाहीच. दिवसाच्या उजेडात खालची पापणी हलकेच ओढून आतला भाग फिकट दिसतो का बघा, बाळाचा तळहात आपल्या तळहाताशेजारी धरून तो जास्त फिकट वाटतो का बघा. (आपलंच हिमोग्लोबिन कमी असेल तर ही तुलना फसते, हेही आलंच!) चिडचिड, मंदावलेली भूक, दूध पिताना दमणं हीही लक्षणं. माती तोंडात घालणं मात्र रांगत्या बाळांचं नेहमीचंच, एवढ्यावरून घाबरू नका.

सौम्य कमतरतेत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून शंका आली तर तपासणीच करावी. ६ ते २३ महिन्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ पासून रक्त कमी आहे असं ठरवण्याची हिमोग्लोबिनची मर्यादा ११ वरून १०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर केली आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) शक्यतो ताप-सर्दी नसताना करा, संसर्गात ते उगाच वाढलेलं दिसतं. आणि लोहाचे थेंब मनाने सुरू करू नका; थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषातही तांबड्या पेशी लोहाच्या कमतरतेसारख्याच लहान दिसतात.