मदत हवी आहे: रात्री नदीचं पाणी वाढलं तर कोणी कोणाचं दार वाजवायचं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, मुठा नदीच्या अगदी जवळ आमची जुनी सोसायटी आहे. दोन विंग, चार मजले, लिफ्ट एकाच विंगला. यंदा पावसाळ्याआधी आपत्कालीन तयारीचं काम कमिटीने माझ्याकडे दिलंय. टॉर्च, पॉवर बँक, आठवड्याची औषधं, प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं ही यादी घरोघरी पोचली आहे, त्याबद्दल विचारायचं नाहीये. अडलंय ते पुढे. पहाटे तीनला पाणी पार्किंगमध्ये शिरलं तर कोणाला कोण उठवणार, आणि सगळ्यांत आधी कोणाला वर न्यायचं?

पहाटे तीन उगाच म्हणत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाचा विसर्ग रात्रीतून वाढत ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट पाणी) घरात गेला आणि एकतानगरीत लोक झोपेत असतानाच पाणी तळमजल्यांत शिरलं. २५ सप्टेंबर २०१९ ला तर धरणाचा संबंधही नव्हता. रात्रीच्या काही तासांच्या पावसाने आंबिल ओढ्याला लोंढा आला, अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली.

आमच्याकडे बरेच जण अजून म्हणतात, "वरची धरणं कुठे भरलीत, काळजी नको." हा हिशेब इथे चालत नाही. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात खडकवासल्याची स्वतःची जेमतेम १.९७. पानशेत, वरसगाव, टेमघर रिकामी असली तरी मधल्या पाणलोटात जोराचा पाऊस झाला की खडकवासला बघता बघता भरतं आणि पाणी सोडावंच लागतं. कमिटीला हे पटवण्यातच दोन बैठका गेल्या.

आता खरे प्रश्न.

आमचे वॉचमनकाका, काकू आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहतात. उतार तिकडेच असल्यामुळे साध्या पावसातही पाणी आधी त्यांच्या उंबऱ्याशी साचतं. खोलीला दार एकच, तेही बाहेरच्या बाजूला उघडणारं. बाहेर पाणी चढलं की ते आतून ढकलता येईल का, याची मला फार भीती वाटते. काकांकडे साधा फोन आहे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते नाहीत. बैठकीत एकजण म्हणाले, "तेच तर आपल्याला उठवतील." पण त्यांना कोण उठवणार? आणि उठल्यावर त्यांनी जायचं कुठे? गच्चीला कुलूप असतं, चावी चेअरमनकडे.

दुसरा प्रश्न बी विंगच्या तळमजल्यावरच्या आजींचा. त्यांना रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऑक्सिजन देणारं विजेवरचं मशीन, लागतो. मीटरची खोली जिन्याखाली आहे, सगळ्यांत खालचे मीटर गुडघ्याच्या उंचीवर. त्यामुळे पाणी यायच्या आत मेन स्विच बंद करायलाच हवा. पण स्विच बंद केला की आजींचं मशीन बंद. घरात त्यांची सून एकटी असते, मुलगा रात्रपाळीला. हे कोणत्या क्रमाने करायचं? स्विचला हात कोणी लावायचा?

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १ (नारायण पेठ)

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. दिवसाउजेडी पाणी आलं म्हणून गल्लीतली मोठी पोरं दारोदार ओरडत गेली आणि आम्ही वाचलो. रात्र असती तर काय झालं असतं याचा विचार अजूनही करवत नाही. तेव्हा तुमचा प्रश्न योग्य आहे.

ग्रुपवर मेसेज टाकून कोणी उठत नाही, फोन सायलेंटवर असतात. आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाल्यावर आम्ही जोड्या लावल्या. प्रत्येक घराने आपल्या शेजारचं आणि आपल्या खालचं, अशी दोनच दारं वाजवायची. माणूस बाहेर येऊन समोर उभा राहिला की मगच पुढे जायचं, आतून "हो हो" ऐकून नाही. बघून झालेल्या दारावर खडूने फुली. बंद घरांवर आधीच पट्टी लावायची, म्हणजे तिथे वेळ जात नाही. मोठ्या टोलेजंग सोसायट्यांत हे जमेल का ते माहीत नाही, तुमच्याकडे चार मजल्यांत नक्की जमेल.

वॉचमनच्या कुटुंबाला मात्र कोणी उठवायची वेळच येऊ देऊ नका. रेड अलर्ट असेल किंवा रात्री विसर्ग वाढवणार अशी सूचना आली असेल, तर संध्याकाळी जेवणानंतरच त्यांना वर झोपायला बोलवा. गच्चीवर पत्र्याखाली नाही, कोणाच्या तरी घरात. आमच्याकडे दोन घरांनी ही जबाबदारी घेतली आहे आणि त्यात कधी खंड पडलेला नाही.

प्रतिसाद २ (वायरमन, आता निवृत्त)

ताई, मेन स्विचबद्दल स्पष्ट सांगतो. पाणी मीटरच्या खोलीच्या उंबऱ्याला लागलं की त्या खोलीत कोणीही पाऊल टाकायचं नाही. मग महावितरणला १९१२ वर कळवून बाहेरूनच पुरवठा बंद करून घ्यायचा. २०२४ च्या त्याच पहाटे डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. पाणी किती खोल आहे याला महत्त्व नाही, घोट्याइतकं पुरतं.

म्हणून स्विच बंद करायची खूण पाण्याच्या बऱ्याच आधीची ठेवा. गेटजवळच्या भिंतीवर तेलरंगाने एक जाड रेघ मारा. पाणी रेघेला लागलं की स्विच बंद, कोणाला विचारत बसायचं नाही. हे काम करणारी दोन माणसं ठरवा आणि त्यांना कोरड्या दिवशी खोलीत नेऊन कोणता स्विच कोणत्या विंगचा ते दाखवा. बऱ्याच सोसायट्यांत त्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

आणखी एक, जे हमखास विसरतं. तळमजल्यावरच्या घरांत इन्व्हर्टर असतील तर मेन बंद केला तरी घरातल्या वायरिंगमध्ये वीज राहते. इन्व्हर्टर वेगळा बंद करावा लागतो. पाणी ओसरल्यावरही वायरमनने तपासल्याशिवाय काहीही चालू करू नका, पंप तर नाहीच.

प्रतिसाद ३ (परिचारिका, कोथरूड)

आजींचं मशीन आणि मेन स्विच हा पेच पाणी आल्यावर सुटणार नाही. त्यांना इशारा आला त्या संध्याकाळीच पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर हलवा, मशीनसकट. बरोबर एक भरलेला सिलिंडर आधीपासून वरच ठेवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे मिनिटाला २ लिटर लागत असेल तर बाराएक तास निघतात. त्यांचा प्रवाह किती ते डॉक्टरांना विचारून सिलिंडरवरच लिहा. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात पाना सापडत नाही. सिलिंडर उभा, भिंतीला बांधलेला, देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब.

सुनेला तो बदलायचा सराव आत्ताच करू द्या. आणि वरच्या घरातल्या एकाला तरी, कारण त्या रात्री सून घरी असेलच असं नाही.

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं तर टाकी रिकामी करून, धुऊन, क्लोरीन टाकल्याशिवाय ते पाणी भांड्यांनाही वापरू नका.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. आजोबा, तुमचा प्रतिसाद कमिटीत वाचून दाखवला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी लगेच वॉचमनकाकांच्या कुटुंबाला आपल्याकडे झोपायला बोलवायची तयारी दाखवली. काकू आधी संकोचल्या, पण मुलीला मैत्रिणीच्या घरी झोपायला मिळणार म्हणून ती खूश आहे. खोलीचं दार आतल्या बाजूला उघडणारं करून घेतोय, सुतार उद्या येतोय. गच्चीच्या चावीच्या तीन प्रती काढल्या. रेघेची उंची मात्र अजून ठरलेली नाही. वायरमनकाका, गेट ते मीटरची खोली साधारण हातभर चढ आहे, मग रेघ गेटच्या फरशीपासून किती वर मारू? शक्य असेल तर सांगा, रंग आणून ठेवलाय.

आणि या सगळ्याची एकदा रात्रीची रंगीत तालीम घ्यायचा आमचाही विचार आहे. ज्यांच्याकडे ती झाली आहे त्यांना विचारायचं होतं, लहान मुलांना आणि बीपी असलेल्या ज्येष्ठांना आधी सांगून ठेवलंत का? सांगितलं तर सगळे जागेच बसतील, आणि न सांगता दार बडवलं तर कोणाला तरी त्रास होईल, अशा दोन्ही बाजू बैठकीत निघाल्या आहेत. पुढच्या शनिवारच्या आत ठरवायचं आहे.