घर बदलताना भरलेली स्टॅम्प ड्युटी : तुमचे अनुभव

अंगण :
नवऱ्याची बदली आली, परत आवराआवर. काल माळ्यावरून निळी फाईल खाली काढली तर तिन्ही घरांचे इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचे उतारे, एकत्र सापडले. नाशिक २०१२, नागपूर २०१७, पुणे २०२२. तिथेच जमिनीवर बसून राहिले.
पुण्याचं घर ६८ लाखांचं. सात टक्क्यांनी ड्युटी ४ लाख ७६ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. म्हणजे पाच लाख सहा हजार, आणि तेही कर्जात बसत नाहीत, रोख उभे करायचे. मी लेकीच्या नावाची एफडी मोडली होती. तीन वर्षांत ते घर विकायची वेळ आलीय आणि त्यातला एक रुपया परत यायचा नाही. जन्मात एकदाच घर घेणाऱ्याला जो दर, तोच आमच्यासारख्या बदलीवाल्यांना दर खेपेला. मला हे मनापासून खुपतं.
नाशिकच्या दस्तावर आमच्या दोघांचे फोटो आहेत. लेक तेव्हा दीड वर्षाची, मांडीवरून उतरायला तयार नव्हती. फोटोच्या खालच्या कडेला तिचं टोपरं आलंय, नुसतं टोपरं. त्यामुळे लिहावंसं वाटलं. तुम्हीही लिहा.

रानवाट :
आमचं डिसेंबर २०२०. बोरिवली, १ कोटी १० लाख. तेव्हा करोनामुळे मुंबईत ५ ऐवजी २ टक्के होते ना, ३१ डिसेंबरपर्यंत. ड्युटी २ लाख २० हजार भरली, एरवी साडेपाच लाख गेले असते. ड्युटी भरून ठेवा आणि दस्त चार महिन्यांत नोंदवा अशी सोय होती, म्हणून निभावलं. कार्यालयाबाहेर जिन्यापर्यंत रांग, सगळे मास्कमध्ये, आणि फोटोपुरता मास्क खाली करायचा. पुढे २०२३ ला नागपूर, तिथे सात टक्के. वाचलेले ३ लाख ३० हजार तिथल्या चलनात गेले. पाठोपाठ दोनदा भरताना छातीत धस्स होतं, खरं सांगते.

कडुनिंब :
अंगण, एफडीचं वाचून वाईट वाटलं गं.
एक विचारते, पुण्याचं घर दोघांच्या नावावर का? बाईच्या एकटीच्या नावावर एक टक्का कमी लागतो.

अंगण :
कळलं, पण नोंदणीच्या दिवशी. सवलत फक्त खरेदीदार बाई किंवा सगळ्या बायकाच असतील तर. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. ६८ हजारांचा फरक होता. करारनामा आधीच तयार होता, बँकेचे कागदही दोघांच्या नावाने. आधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

निळाई :
वाचतेय. कुकर लावलाय, रात्री लिहिते.

सुपारी :
ती सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. पण सुरुवातीला त्यात अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. आमच्या वहिनीने त्या भीतीने सवलतच घेतली नाही, कारण तिचीही बदलीची नोकरी, पंधरा वर्षं एका गावात राहणार कोण? २०२३ मध्ये ती अट काढली. तोपर्यंत तिचा दस्त होऊन गेला होता. ज्यांना घर सारखं विकावं लागतं त्यांनाच ती अट आडवी आली, याचा मला अजून राग येतो.

पाणवठा :
सगळ्यांनी हे वाचा, आम्हाला फटका बसलाय.
आयकराच्या जुन्या कररचनेत कलम ८०सी खाली ड्युटी आणि नोंदणी फी दाखवता येते, दीड लाखाच्या मर्यादेत. आम्ही दाखवली, पुढे कर्जाचं मुद्दलही दाखवत गेलो. बदली झाली, घर विकलं. सीएंनी फोन करून विचारलं, ताबा मिळून किती वर्षं झाली? ज्या आर्थिक वर्षात ताबा मिळतो ते संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर आधी घेतलेली सगळी वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात परत धरतात. सगळी! मला वाटलं ते चुकताहेत. त्यांनी कलम काढून वाचून दाखवलं. बायको शेजारी उभी होती, ती म्हणाली आपण काय हौसेने विकलं का घर? त्यावर काय बोलणार.
विकायच्या आधी ताब्याची तारीख बघा. ताबापत्र जपून ठेवा.

अंगण :
पाणवठा, आमचा ताबा ऑगस्ट २०२२ चा. म्हणजे मार्च २०२८ पर्यंत थांबायला हवं. हे मला माहीतच नव्हतं. आजच ह्यांना सांगते. मनापासून आभार.

धुके :
मी इंग्लंडात आहे. इथे कर पायरीपायरीने लागतो, पहिल्या सव्वा लाख पौंडांवर शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत दोन टक्के, पुढे पाच. दुसरं घर असेल तर वर आणखी पाच टक्के. आम्ही शहर बदललं तेव्हा जुनं राहतं घर विकायच्या आधी नवं घ्यावं लागलं, जास्तीचे टक्के भरले. पण जुनं घर तीन वर्षांत विकलं की तो जास्तीचा भाग परत मागता येतो. मागितला, मिळाला. घर का बदललं ते इथे कोणी बघत नाही, पण जुनं विकलं हे तरी बघतात. आपल्याकडेही राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेणाऱ्याला आधीच्या ड्युटीतला काही भाग वळता करून द्यायला हवा. घर विकून झालेल्या नफ्यावर तशी सवलत आहेच की, आयकराचं कलम ५४.

रानवाट :
धुके, अगदी. कलम ५४ मध्ये घर विकल्यावर दोन वर्षांत दुसरं विकत घेतलं की दीर्घ मुदतीच्या नफ्यातला त्यात गुंतलेला भाग करमुक्त. केंद्राला हे समजतं. ड्युटी राज्याची, तिथे असं काही नाही.

निळाई :
आले. जरा वेगळं लिहिते. ड्युटीचं ह्यांनी बघितलं, माझ्या लक्षात राहिलाय आईचा अंगठा. घर आईच्या नावावर होतं, ते विकून ती आमच्याकडे येणार होती. अंगठा उठेचना. आयुष्यभर भांडी, धुणी, रोवणी केलेली बोटं, रेघाच झिजलेल्या. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने पुसून बघितला, मग दुसरा अंगठा, मग परत पहिला. आई कानकोंडी होऊन म्हणाली, माझंच काही चुकतंय का रे बाळा? तो मुलगा उठून तिच्याशेजारी येऊन बसला, तिचा हात हातात घेऊन हळूच दाबला, आणि उठला ठसा. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

कडुनिंब :
निळाई, डोळ्यांत पाणी आलं. आई कशा आहेत आता?

निळाई :
बऱ्या आहेत. गुडघे दुखतात. आत्ता शेजारी बसून मेथी निवडतेय.

सुपारी :
अंगण, सामान कधी हलवताय? शिसवी कपाट वगैरे असेल तर दारं आधी उतरवून घ्या. आमच्या कपाटाची बिजागरी टेम्पोत मोडली, तशी आता मिळत नाही.

अंगण :
आहे, सासूबाईंचं आहे! दारं उतरवतेच. स्क्रू कशात ठेवायचे?

सुपारी :
डबीत घालून, डबी चिकटपट्टीने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. वेगळ्या खोक्यात घालू नका, सापडत नाहीत.

बांधावर :
माझे वडील महसूल खात्यात होते. एकतीस वर्षांत अकरा गावं, सगळीकडे सरकारी क्वार्टर नाहीतर भाड्याचं घर. निवृत्तीनंतरच बांधलं. नातेवाईक बोलायचे, अजून स्वतःचं घर नाही? वडील गप्प राहायचे. आता मी तेच करतोय. २४ हजार भाडं, एक लाख अनामत, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. त्याची ड्युटी पाव टक्का, सातशेच्या आत बसते, शहरात नोंदणीचे हजार. शिवाय दलालाने करून दिलं तर त्याचे वेगळे. ज्याला तीन वर्षांनी उठायचंय त्याने विकत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

रानवाट :
पण मुलांची शाळा, घरमालक अकरा महिन्यांनी उठवतो, त्याचं काय? आम्हाला दोनदा उठवलं. दुसऱ्यांदा तर ऐन परीक्षेत. म्हणून घेतलं हो घर.

बांधावर :
तेही खरं आहे ताई. आमच्याकडे आई होती सगळं निभावून न्यायला.

कडुनिंब :
अंगण, मग आता काय ठरलं? पुणं विकणार?

अंगण :
रात्री बोललो आम्ही. पुण्याचं घर ठेवतोय, भाड्याने देऊ. तिकडे आपणही भाड्यानेच राहायचं. पाणवठांचं सीएंना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, मार्च २०२८ आधी विकू नका.
टोपऱ्याचा फोटो लेकीला दाखवला. दहावीला आहे ती. मोबाईलवर मोठा करून बघत बसली आणि म्हणाली, ते पिवळं होतं ना? दस्तावर सगळं काळं-पांढरं आहे. पिवळंच होतं.