ओले काजूगर सोलले आणि तिसऱ्या दिवशी हाताला फोड, हे पसरतं का?

मैथिली_पुणे
मागच्या आठवड्यात सासरी वेंगुर्ल्याला होतो. सासूबाई उसळीसाठी ओले काजूगर काढत होत्या, हाताला खोबरेल आणि राख लावून, आणि मला म्हणाल्या पण की लाव म्हणून, पण मी म्हटलं वीस-पंचवीस बियाच तर आहेत, तशीच बसले. त्या दिवशी काहीच नाही. पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यात भयंकर खाज, मग पाण्याचे बारीक फोड, बोटांची टोकं काळी पडलीत आणि आज सकाळी उजवी पापणी सुजलीय. घरातले म्हणतायत फोडातलं पाणी लागून पसरतंय. दीड वर्षाचा मुलगा आहे, त्याला दोन दिवस जवळ घेतलं नाहीये, रडतो नुसता. प्लीज कुणाला माहीत असेल तर सांगा.

बागायतदार_देवगड
ताई आधी मुलाला उचलून घ्या. फोडातल्या पाण्याने हे पसरत नाही, दुसऱ्याला तर नाहीच. फोड येतो तो टरफलातल्या तेलाने, आणि ते तेल तुमच्या हातावरून साबणाने कधीच गेलंय. नवीन फोड मागाहून दिसतात कारण जिथे तेल कमी लागलं तिथे उशिरा उठतं. पापणीचं म्हणाल तर त्याच दिवशी हात डोळ्याला लागला असणार. फक्त त्या दिवशीचे कपडे, सुरी, पिशवी तशीच ठेवली असेल तर साबण लावून धुवा, तेल त्यावर राहतं. आणि पापणी सुजलीय म्हणजे डॉक्टरांकडे आजच जा, घरातलं जुनं मलम डोळ्याजवळ लावू नका.

सुगरण_काकू
आमसुलाचं पाणी लाव गं, अंगावर पित्त उठतं तेव्हा आम्ही तेच लावतो.

न्यूजर्सीकर
काकू, पित्ताच्या गांध्या काही तासांत जातात, हे वेगळं आहे. फोडांवर आंबट नको, आग होईल. इथे मागच्या अंगणात पॉयझन आयव्ही नावाचा वेल असतो, तीन-तीन पानांचा. मी तो उपटला आणि दोन दिवसांनी डिट्टो हेच झालं, पूर्ण बरं व्हायला तीन आठवडे लागले. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हा वेल, काजू, आंबा सगळे एकाच कुळातले, आपला बिब्बा पण त्यातलाच. वेलात उरुशिऑल नावाचं तेल असतं आणि काजूच्या टरफलात त्याच्याच जातीची द्रव्यं. त्यानंतर मला आंब्याची साल ओठाला लागली तरी पुरळ येतं, गर कापून खाल्ला तर काही होत नाही. म्हणून मैथिली, एप्रिल-मेमध्ये आंबा चोखून खाऊ नकोस, आधी सोलून थोडा खाऊन बघ. आणि कुणी बिब्बा लावायला सांगितलं तर अजिबात लावू नकोस.

रानवाट
खाजकुइली समजून शेण वगैरे लावू नका कुणी. कुइलीची कुसं लागली की खाज लगेच सुरू होते, त्याला दोन दिवस लागत नाहीत. उशीर झाला म्हणजे ही ॲलर्जीच.

मैथिली_पुणे
आत्ताच स्किनवाल्या डॉक्टरांकडून आले. ॲलर्जीच म्हणाले, हाताला स्टिरॉइडचं क्रीम, पापणीसाठी वेगळं सौम्य दिलंय आणि खाजेसाठी रात्री एक गोळी. मुलाला घ्यायला काही हरकत नाही म्हणाले, आत्ता मांडीवर झोपलाय. प्रवासातली ओढणी तशीच बॅगेत होती ती धुवायला टाकली. सासूबाईंना फोन केला तर म्हणाल्या पुढच्या वेळी सोललेले गरच पाठवते डब्यात.