आतल्या इंद्रियांवर कितपत विसंबावं?

सांजवारा
शाळेत पाच ज्ञानेंद्रियं शिकवली आणि विषय तिथंच संपवला. मग अंधारातही पेला अचूक ओठांशी जातो तो कशामुळे? स्नायू आणि सांधे आपला ठावठिकाणा मेंदूला सतत कळवत असतात म्हणून. शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन असं नाव दिलं. १९७१ साली इयन वॉटरमन हा १९ वर्षांचा तरुण एका विषाणूजन्य आजारानंतर मानेखालची ही जाणीव गमावून बसला. स्नायूंत ताकद होती, पण उभं राहता येईना. पुढे तो हातापायांकडे डोळ्यांनी बघत बघत चालायला शिकला. दिवे गेले की मात्र कोसळायचा.

तहान, तोल, थकवा, वेळेचं भान या सगळ्यांवर आपला दिवस उभा असतो. आणि हल्ली झोप झाली की नाही, हेसुद्धा आपण मनगटावरच्या पट्ट्याला विचारतो! माझं मत स्पष्ट आहे: आधी अंगाला विचारावं, मग यंत्राला.

काटेकोर
पूर्ण असहमत. ढगात शिरलेल्या वैमानिकाला नेमकं उलटं शिकवतात. अंतर्कर्णातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळणाची सुरुवात टिपतो. तेच वळण एका गतीने चालू राहिलं की द्रवही त्या गतीला येतो आणि आपण सरळ चाललोय असं वाटू लागतं. विमान खरोखर सरळ केलं, तर ते उलट्या दिशेला वळल्यासारखं भासतं. अशा वेळी अंगाचं ऐकणारे जिवानिशी गेले आहेत.

वेळेच्या भानाचीही तीच गत. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये घड्याळाशिवाय दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट होता.

सांजवारा
सिफ्रची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. तारीख चुकली खरी, पण त्याचं झोपण्या-उठण्याचं चक्र सरासरी साडेचोवीस तासांवर टिकलं होतं. चुकला तो मनातला हिशेब. शरीरातलं घड्याळ चालूच होतं. ढगातल्या विमानाचं मान्य, पण आपलं शरीर उडण्यासाठी घडलेलं नाही. जमिनीवरच्या रोजच्या जगण्याचं बोला.

उंबरा
यात एक फरक करायला हवा. छातीत धडधडतंय हे कळणं वेगळं आणि ते कशामुळे हे ठरवणं वेगळं. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या प्रयोगात हलत्या, उंच पुलावर भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करणारे पुरुष स्थिर पुलावरच्यांपेक्षा जास्त निघाले. भीतीची धडधड त्यांनी बहुधा आकर्षणाच्या खाती टाकली, असा त्याचा अर्थ लावला गेला. 'माझं मन सांगतंय' म्हणून माणसं पारखताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

समई
सांजवारा, रोजच्या जगण्याचंच सांगते. आईला बरीच वर्षं मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. साखर उतरली की पूर्वी तिला दरदरून घाम यायचा, हात कापायचे. मग साखर वरचेवर उतरायला लागली आणि या खुणाच बंद झाल्या. वारंवार असं झालं की शरीर इशारा देणंच सोडतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. एकदा ती माझ्याशी बोलता बोलता असंबद्ध बडबडायला लागली. 'मला काही होत नाहीये' हेच धरून बसली होती. मोजली तर साखर ४८. 'अंगाला विचारा' हा सल्ला त्या दिवशी आम्हाला फार महागात पडला असता.

सांजवारा
समई, वाचून काळजात चर्र झालं. माझं वाक्य निरोगी माणसापुरतं होतं, ते मी तसं लिहायला हवं होतं. आता कशा आहेत त्या?

समई
बऱ्या आहेत. दंडावर सेन्सर लावलाय, साखर उतरायला लागली की तो वाजतो. डॉक्टरांनी काही आठवडे साखर अजिबात खाली जाऊ द्यायची नाही असं बजावलं होतं, ते कसोशीने पाळलं. परवा पहाटे सेन्सर वाजायच्या आत तिनेच मला हाक मारली. म्हणाली, "अगं, हात कापतायत, जरा साखर दे."