जिनिंगच्या आयपी फोनवर आवाज तुटून राहिला, मोजायचं कशानं?

कपाशीवाला
नमस्कार मंडळी. हिंगणघाटजवळ आमची जिनिंग आहे. ऑफिस, वजनकाटा, प्रेस आणि बाहेरची दोन खरेदी केंद्रं मिळून २२ आयपी फोन. जुन्या डेस्कटॉपवर फ्रीपीबीएक्स (फोनचं एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स, चालवणारं सॉफ्टवेअर), फायबरची लाइन, केंद्रं व्हीपीएनवर (इंटरनेटवरून खासगी जोडणी). सीझन लागला की दुपारनंतर आवाज तुटतो. भाव सांगताना 'सात हजार' ऐकू जातं, पुढचे 'दोनशे' गायब. मग गाडी भरून आलेला शेतकरी काट्यावर भांडतो, आणि त्याचं चुकत नाही. लाइनवाले म्हणतात स्पीड टेस्ट करा. ती चांगलीच येते! प्रत्येक कॉलची नोंद ठेवून कुठं बिघडलं ते दाखवेल असं काही सुचवा. मालकांचं बजेट: फुकट.

तारवाला
स्पीड टेस्ट सोडा. जी.७११ वर (आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेनं ८७ केबीपीएसच्या आसपास लागतात. दहा कॉल धरले तरी एक एमबीपीएस होत नाही. दर २० मिलिसेकंदाला निघालेलं पॅकेट वेळेवर पोचतं का, हा प्रश्न आहे, आणि स्पीड टेस्ट ते सांगत नाही.

नवी_लाइन_घ्या
दुसऱ्या कंपनीची लाइन घ्या भाऊ, कशाला डोकं लावता.

निळा_दिवा
लाइन बदलून तोच त्रास राहिला तर? आधी मोजा.

फुकटात दोन रस्ते आहेत. पहिला होमर, कॉलच्या नोंदी गोळा करून दाखवणारा प्रोग्राम. अ‍ॅस्टरिस्कमध्ये, म्हणजे फ्रीपीबीएक्सच्या आतल्या इंजिनात, हेपची (कॉलच्या नोंदी बाहेर पाठवायच्या पद्धतीची) मॉड्यूल्स आहेत, ती चालू केली की सिपचे (कॉल जोडण्या-तोडण्याचे) निरोप आणि आरटीसीपीचे (आवाज कसा पोचला त्याचे) आकडे होमरकडे जातात. दुसरा व्हीओआयपीमॉनिटर: याचा स्निफर, म्हणजे लाइनवरची पॅकेट्स टिपणारा भाग, मुक्त आहे, वेब स्क्रीनचे पैसे पडतात. हा थेट आवाजाची पॅकेट्स पाहून प्रत्येक कॉलला एमओएस देतो. एमओएस म्हणजे आवाजाच्या दर्जाला १ ते ५ गुण. जी.७११ उत्तम चालला तरी ४.४ च्या आसपासच थांबतो, म्हणून ५ ची वाट पाहू नका. ३.६ च्या खाली गेला की तक्रारी येतातच.

आता जिथं बहुतेकांचं फसतं ते. स्निफर पीबीएक्सजवळ बसवला तर तिथपर्यंत आलेला आवाजच त्याला दिसतो. केंद्रावरच्या माणसाच्या कानात काय पडलं, ते त्याच्या फोननं पाठवलेल्या आरटीसीपी अहवालातूनच कळतं. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये आरटीसीपी चालू आहे का ते आधी पाहा. आणि डायरेक्ट मीडिया बंद करा, नाहीतर दोन फोन आपसात बोलतात, पीबीएक्सच्या हाती काही लागत नाही.

दिवसाची सरासरी पाहू नका. सरासरी ४.२ दिसते आणि त्यातच चार सेकंदांचा खड्डा लपतो. खड्ड्याची वेळ पकडा. त्यासाठी पीबीएक्स, राउटर, स्विच सगळ्यांची घड्याळं एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवायची सोय) लावा.

काटेवाला
प्रेसची मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं का? आमच्याकडं काट्याच्या केबिनमधला स्विच तेवढ्यात रीस्टार्ट व्हायचा. लहान यूपीएस लावला, भांडण मिटलं. स्विचचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ न थांबता चालू आहे ते, पाहून घ्या.

कपाशीवाला
स्विचचा अपटाइम पाहिला, महिनाभराचा आहे. व्हीओआयपीमॉनिटर कॉल रेकॉर्डही करतं म्हणे? शेतकऱ्यांचं बोलणं साठवायचं नाही आम्हाला.

निळा_दिवा
नका साठवू. फक्त हेडर, म्हणजे आवाज वगळून पॅकेटवरची माहिती, ठेवायची सोय आहे, आकडे तेवढ्यावरच निघतात. काही बसवण्याआधी, आवाज तुटत असतानाच अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर 'पीजेसिप शो चॅनलस्टॅट्स' मारा आणि काय दिसतं ते इथं टाका.

कपाशीवाला
मारलं. दोन्ही केंद्रांच्या फोनला रिसीव्हमध्ये लॉस शून्य. ट्रान्समिटमध्ये एकाला ६ टक्के, दुसऱ्याला ७, जिटरही (पॅकेट पोचण्याच्या वेळेतला चढउतार) ६० मिलिसेकंदांच्या वर. ऑफिसातले आपसातले कॉल स्वच्छ.

निळा_दिवा
म्हणजे येताना ठीक, जाताना गळती. दोन्ही केंद्रांना सारखीच, म्हणजे त्यांच्या लाइनवर संशय घ्यायचं कारण नाही. तुमच्या ऑफिसचा अपलोड भरून राहिला. लॉस १ टक्क्याच्या आत आणि जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत हवा. दुपारी राउटरवर पाहा, वर काय जातं ते.

तारवाला
सापडेपर्यंत राउटरवर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा आणि आवाजाला, म्हणजे डीएससीपी ४६ ची खूण असलेल्या पॅकेट्सना, पहिला नंबर द्या. मायक्रोटिकचा राउटर असेल तर आवृत्ती ७ मध्ये केक ही रांग लावायची सोय आहे. नुसती खूण करून भागत नाही, बाहेरची लाइन ती खूण मानेलच असं नाही. रांग तुमच्याच राउटरवर लागली पाहिजे.

कपाशीवाला
सापडलं. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. दुपारचं जेवण झालं की मालक नागपूरहून सोळाही कॅमेरे एकदम मोबाइलवर लावून बसतात. मर्यादा आज बांधतो. त्यांची स्क्रीन अडखळली की पहिला फोन मलाच येणार, आणि तो मात्र स्वच्छ ऐकू येईल.